मिल लॅक्स नको, मग कुठे?

गेल्या ऑक्टोबरात मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्यावर मासे धरायला गेलो होतो, तेव्हा आमची सोळा फुटी ॲल्युमिनियमची बोट एका लाटेवर चढली आणि धाडकन खाली आपटली. पुढे बसलेल्या मित्राने रॉड सोडून दोन्ही हातांनी बाक धरला. किनारा येईपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि हा सोलापूरचा माणूस एरवी झोपेतही बोलतो. मिल लॅक्स म्हणजे सव्वा लाख एकरांहून मोठं तळं, पण उथळ. सगळ्यात खोल जागी चाळीसेक फूट. त्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात. एकीतून सावरेपर्यंत दुसरी हजर.

घरी आल्यावर बायकोने एवढंच सांगितलं, "जायचं तर जा. त्या तळ्यावर नाही."

मस्कीच्या, म्हणजे इथल्या त्या मोठ्या शिकारी माशाच्या, नादी लागलेल्याला हे ऐकणं सोपं नसतं. मिनेसोटाचा मस्कीचा विक्रम १९५७ पासून ५४ पौंडांवर अडकला होता, तो नोव्हेंबर २०२१ मध्ये याच मिल लॅक्सवर मोडला, ५५ पौंड १४.८ औंसांच्या माशाने. तो फोटो आम्ही दोघांनी किती वेळा पाहिलाय ते सांगत नाही.

तर यंदा नवं तळं शोधायचं ठरलं. ऑगस्टपासून रात्री जेवणं झाली की मी लॅपटॉप उघडून बसायचो.

पहिला विचार व्हर्मिलियनचा. मासे मोठे, बेटं भरपूर, म्हणजे वाऱ्यापासून आडोसाही मिळणार. पण जवळपास चाळीस हजार एकर! आमच्या हातात शनिवार-रविवार. एवढ्या पाण्यात मासा कुठे नाही हे कळेपर्यंतच सोमवार उजाडला असता. लीच लेक त्याहून मोठं, तिथे पुन्हा वाऱ्याचीच गोष्ट. मित्र म्हणाला, "अरे, विस्कॉन्सिनला जाऊ. तिथं माणशी तीन गळ चालतात." खरं आहे. आपल्याकडे मिनेसोटात उघड्या पाण्यावर माणशी एकच. पण दोन दिवसांसाठी परराज्याचं लायसन्स काढायचं माझ्या जिवावर आलं.

मग मी उलटीकडून सुरुवात केली. मोठा मासा कुठे आहे हे सोडून दिलं. आमच्या बोटीला झेपेल आणि दोन दिवसांत निम्मं तरी फिरून होईल असं तळं कुठलं, ते पाहायला लागलो.

डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, लेकफाइंडर या वेबसाइटवर तळ्यांची सर्वेक्षणं असतात. त्यात मी आधी फसलो. मस्कीच्या रकान्यात शून्य दिसलं की ते तळं मी खोडत होतो. नंतर लक्षात आलं की सर्वेक्षणाच्या नेहमीच्या जाळ्यात, गिलनेटमध्ये, मस्की फारशी सापडतच नाही. तिची मोजणी वसंतात वेगळे सापळे लावून करतात. खोडलेली नावं परत लिहिली. आता मी मस्कीऐवजी तिचं खाणं शोधायला लागलो, म्हणजे टुलिबी. हा थंड, खोल पाण्यातला चंदेरी मासा फॉलच्या (पानगळीच्या ऋतूच्या) शेवटी पाणी फॅरनहाइटच्या चाळिशीत उतरलं की अंडी घालायला खडकाळ उथळ भागात येतो, आणि त्याच्या मागोमाग मस्की. आमच्या चिपळूणला गरवायला जायचं तर तिथी बघायची, उधाण कधी ते बघायचं. इथे पाण्यातला थर्मामीटर बघायचा.

शेवटी नकाशात बोट ठेवलं वूमन लेकवर. लाँगव्हिलजवळ, पाचेक हजार एकरांचं. शेजारच्या तळ्यांची नावं गर्ल, चाइल्ड, बेबी, मॅन. नकाशावर अख्खं कुटुंब नांदतंय. हे पाणी बॉय नदीतून पुढे लीच लेकला जातं आणि मस्की इथली मूळची आहे. खोल पाणी आहे, खडकाळ उंचवटे आहेत आणि वारा कुठूनही आला तरी एखादी बाजू शांत सापडते.

निघायच्या आठवडाभर आधी तिथल्या गळाचा चारा विकणाऱ्या दुकानाला फोन केला. हे काम खरं तर पहिलं करायला हवं होतं. दुकानातल्या बाई म्हणाल्या की रॅम्पवरचा, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावरचा, डॉक (लाकडी धक्का) पुढच्या आठवड्यात काढून ठेवतील, वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायच्या रबरी विजारी, आणा. तळं उलटलं का, तेही मी विचारलं. फॉलमध्ये वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, तळाचं वर येतं आणि चार-सहा दिवस सगळं गढूळ होऊन मासे गप्प होतात. "उलटून गेलं," बाई म्हणाल्या, आणि सहा सकर बाजूला ठेवले. जिवंत चाऱ्याचे मासे, एकेक फूटभर लांब.

शनिवारी पाणी ४७ फॅरनहाइट. मांडीपर्यंत त्या पाण्यात उभं राहून बोट सोडताना डॉकची किंमत कळली. दिवसभर काही नाही. एकाने कास्ट करायचं, म्हणजे आमिष फेकून ओढायचं, दुसऱ्याने सकर सांभाळायचा, तासाने अदलाबदल. संध्याकाळी आईचा फोन. "मिळालं काय?" मी म्हटलं, मिळालं तरी सोडूनच देणार, इथे ५४ इंचांखालची ठेवताच येत नाही. "मग एवढ्या थंडीत कडमडायला गेलास कशाला?" याला उत्तर नव्हतं.

रविवारी वारा ज्या खडकाळ टोकावर आपटत होता तिथे गेलो. अकराच्या सुमाराला माझ्या रबरी आमिषामागून काहीतरी आलं. आधी सावली, मग रुंद कपाळ. रॉडचं टोक पाण्यात खुपसून बोटीलगत इंग्रजी आठ काढला, एकदा, दोनदा. दुसऱ्या वळणावर ती थांबली. कल्ले हलताना दिसत होते. डोळा माझ्याकडे होता की आमिषाकडे, सांगता येत नाही. मग न वळता, तशीच आडवी, खाली खाली बुडत गेली. मित्राने ४५ इंच म्हटलं, मी ४८. तासाभराने त्याचा सकर खेचला गेला, आणि दोरी लगेच ढिली. वर काढला तर दोन्ही कुशींवर दातांच्या तिरक्या रेघा.

रॅम्पवर बोटीचा प्लग काढला, सगळं पाणी सांडलं. उरलेला चारा तळ्यात सोडायचा नसतो, आणि घरी न्यायचा तर तळ्याचं पाणी ओतून दुसरं भरायचं. मी बाटलीबंद पाणी नेलं होतं. बादलीत एकच सकर जिवंत होता.

तो आता गॅरेजमधल्या टबात आहे. बायकोने झाकण उचलून पाहिलं. "हा किती दिवस?" तेवढ्यात मुलगी आली आणि तिने त्याला नावाने हाक मारली.