पेट्रोलमधलं इथेनॉल आम्ही शाळेत मोजलं

मी वारणाकाठच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. इथल्या मुलांना उसाची मळी म्हणजे काय, तिच्यापासून इथेनॉल हे अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी कशाला असते, हे समजावून सांगावं लागत नाही. पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळून पाहण्याचे सुरुवातीचे प्रयोग 2001 मध्ये झाले, त्यांत मिरज आणि मनमाड होती. आता पंपावर 20 टक्क्यांचं ई-20 मिळतं आणि त्यावरून घरोघरी वाद चालतो. "बाई, नव्या पेट्रोलनं गाडी अ‍ॅव्हरेज देत न्हाई, असं पप्पा म्हणत्यात," असं नववीतल्या एकानं भर तासाला सांगितलं. दुसऱ्याचे वडील साखर कारखान्यात, त्याला ते पटेना. विज्ञान प्रदर्शन तोंडावर होतं. म्हटलं, आत अल्कोहोल किती आहे ते तरी आधी मोजू या.

पद्धत ब्राझीलची घेतली. तिथे ग्राहकाने मागितली तर पंपावरच ही चाचणी करून दाखवावी लागते. 100 मिलीच्या बुचाच्या मोजपात्रात 50 मिली पेट्रोल घ्यायचं आणि 100 च्या खुणेपर्यंत मिठाचं 10 टक्के द्रावण भरायचं. बूच लावून पात्र हलक्या हाताने उलटंसुलटं करायचं आणि पंधरा मिनिटं ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर फुगतो. मिठाने दोन्ही थर चटकन आणि स्वच्छ वेगळे होतात.

कृती इतकी सोपी असली तरी परवानगीला वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. म्हणून प्रयोगशाळा नको, उघडा व्हरांडा हवा, अशी अट मुख्याध्यापकांनी घातली. जवळपास एकही बर्नर नाही, विजेचं बटण नाही, वाळूच्या बादल्या भरलेल्या. पंपवाले सुटं पेट्रोल द्यायला नाखूश असतात. शाळेचं पत्र आणि घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा नेला, तेव्हा थोडं मिळालं. पेट्रोलमध्ये थोडं बेंझिन असतं आणि ते कर्करोगकारक आहे, म्हणून ओतणं आणि हलवणं मी हातमोजे घालून स्वतः केलं. पात्र उलटताना आत वाफेचा दाब साठतो, तेव्हा मध्येमध्ये बूच सैल करावंच लागतं. वाचन मात्र सगळं मुलांचं.

आधी तुलनेसाठी इथेनॉल नसलेलं रॉकेल घेतलं. ते मिळवणंही हल्ली सोपं नाही. रॉकेलखालचं पाणी 50 वरून हललं नाही. मग पेट्रोल. खालचा थर चढून 59 आणि 60 च्या मधे थांबला. नेमका कुठे, यावर मुलं डोळे खुणेच्या पातळीत आणून भांडली आणि 59.5 वर एकमत झालं. वाढ साडेनऊ मिली. ब्राझीलच्या सूत्रात वाढीची दुप्पट करून 1 मिळवतात, म्हणजे बरोबर 20 टक्के.

हा 1 कशासाठी, हे एका मुलीने विचारलं आणि मला वाटतं अख्ख्या प्रयोगातला सर्वांत चांगला प्रश्न तोच. त्यासाठी वेगळ्या पात्रात 50 मिली पाणी आणि 50 मिली अल्कोहोल मिसळून दाखवलं. 100 भरत नाही, 96-97 च्या आसपास थांबतं. दोन्हींचे रेणू एकमेकांना जवळ ओढून घेतात, आकारमान घटतं. म्हणून 10 मिली इथेनॉल पाण्यात उतरलं, तरी वाढ दहापेक्षा थोडी कमीच दिसते.

मग अ‍ॅव्हरेजचा विषय निघालाच. फळ्यावर हिशेब मांडला. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे 21. ई-20 मध्ये ती साधारण 29.8 येते, म्हणजे जवळजवळ 7 टक्के कमी. मुलांनी लगेच निष्कर्षात लिहिलं, "गाडी 7 टक्के कमी पळते." ते वाक्य मी खोडायला लावलं आणि त्यावर बराच वेळ घेतला. आम्ही गाडी चालवून पाहिलीच नव्हती. इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता, जास्त असतो, त्याचा फायदा इंजिन किती घेतं हे इंजिनावर ठरतं. मोजपात्र फक्त अल्कोहोल किती ते सांगतं. ऊर्जेचा आकडा पुस्तकातून आला, त्याला तक्त्यावर वेगळी जागा दिली.

उरलेल्या ई-20 मध्ये ड्रॉपरने थेंबथेंब पाणी टाकून पाहिलं. पहिले थेंब विरघळून गेले, मग ते गढूळ झालं आणि तळाशी वेगळा थर बसला. पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट का हवं, ते मुलांना लगेच कळलं. वापरलेलं पेट्रोल मोरीत न ओतता डब्यात भरून गॅरेजला सुटे भाग धुवायला दिलं.

मिथेनॉल हे दुसरं, विषारी अल्कोहोल. प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "हे मिथेनॉल नाही कशावरून?" मुलगी म्हणाली, "सर, या चाचणीवरून ते कळत नाही." उत्तर अगदी खरं होतं. आता बारावीच्या मुलांना जोडीला घेऊन खालच्या थराची आयोडोफॉर्म चाचणी करायची आहे, ज्योत न वापरता, नुसत्या गरम पाण्यावर. इथेनॉल असेल तर पिवळा साका येतो, मिथेनॉलला येत नाही.