महिनाभर नवीन काही नाही

गोल्फचे सर आज जवळजवळ काहीच बोलले नाहीत. मी ड्रायव्हरने, म्हणजे लांब मारायच्या क्लबने, चेंडू मारत होते, ते मागे हाताची घडी घालून उभे. चेंडू सरळ निघाल्यासारखा करायचा आणि मग निवांत उजवीकडे वळायचा. शेवटी म्हणाले, "आता महिनाभर नवीन काही सांगणार नाही. दिलंय तेवढंच करा." आजची फीही घेतली नाही. फी घेतली असती तर इतकं लागलं नसतं.

कंटाळले का माझ्यावर? आशा सुटली की माणसं रागवायची थांबतात, एकदम गोड बोलायला लागतात. मागच्या आठवड्यात तर चांगले ओरडत होते.

चेंडूच्या या उजवीकडे वळण्याला स्लाइस म्हणतात, त्यात गूढ काही नाही. चेंडूला लागताना क्लबचा फेस, म्हणजे मारायची सपाट बाजू, स्विंगच्या मार्गापेक्षा उघडा, म्हणजे उजवीकडे फिरलेला राहतो, म्हणून चेंडू वळतो. निघतो मात्र मुख्यतः फेस बघेल तिकडे. पूर्वी उलट शिकवायचे, रडारने मोजायला लागल्यावर ते बदललं. उजवीकडे जातो म्हणून डावीकडे रोख धरावा, तर मार्ग आणखी डावीकडे जातो आणि वळण वाढतं. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारा.

सरांनी दिलेलं एकच आहे, ग्रिप. डावा हात दांड्यावर जरा उजवीकडे फिरवून धरायचा, म्हणजे फेस मिटायला मदत होते. बाकीचा संसार मी गोळा केलेला. डोकं स्थिर, कोपर अंगाशी, वजन डाव्या पायावर, मनगटं सैल, आणि हे सगळं लक्षात ठेवून 'रिलॅक्स'. क्लब वरून खाली यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. चेंडू फेसवर टिकतो तो सुमारे सेकंदाचा दोन हजारावा भाग. एवढ्यात मी कुठली टिप आठवणार?

पण म्हणून सोडूनच द्यायचं का मला? टायगर वूड्सने 1997 ची मास्टर्स स्पर्धा 12 फटक्यांनी जिंकली आणि त्यानंतर स्विंग नव्याने बांधायला घेतला. त्याला कुणी 'दिलंय तेवढंच करा' म्हणालं नसेल.

(तो टायगर वूड्स आहे, हे कळतं मला.)

उलट जिम फ्युरिक, तोही मोठा गोल्फर. त्याचा क्लब वर जाताना एका वाटेने जातो आणि येताना भलत्याच वाटेने, बघणाऱ्याला धडकी भरावी. त्याच स्विंगने 2016 मध्ये पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत, 58 इतक्या कमी फटक्यांची फेरी खेळला. शिकवणारे त्याचे वडील, आणि त्यांनी ते वळण तसंच राहू दिलं. वडिलांचा विषय आज नको.

म्हणजे राहू देणं हे सोडून देणंच असतं असं नाही. असेलही. सरांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, आणि विचारायला जावं तर ते पुन्हा हाताची घडी घालतील. कंटाळूनच बोलले असतील असं धरून चालू. तरी ग्रिप पक्की व्हायच्या आत मी कोपराकडे वळते, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

टूरवरचे खेळाडूसुद्धा 8 फुटांवरून साधारण निम्मेच पट (चेंडू हलकेच भोकात ढकलायचे फटके) घालतात. निम्मे हुकतात, आणि त्यांना पैसे मिळतात!

तर महिनाभर ग्रिप. फक्त बादलीभर चेंडू एकाच क्लबने बडवायचे नाहीत. ड्रायव्हर, मग वेज, मग सेव्हन आयर्न, प्रत्येक वेळी हात सोडून पुन्हा धरायचा. असा सराव रेंजवर फार वाईट दिसतो, एकही फटका मागच्यासारखा जात नाही, पण अंगात जास्त टिकतो म्हणतात. शेजारच्यांना वाटेल बाई आजच शिकायला आल्या. वाटू दे. टिप देऊ नका म्हणजे झालं.