टॉर्टिया न सोडता

अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोत आमच्या शेजारी राहणाऱ्या मेक्सिकन आजींचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) ६.१ टक्के आला, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेच्या ५.७ ते ६.४ या पट्ट्यात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मधुमेह प्रतिबंध चाचणीत ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, या उद्दिष्टांनी मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी; हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळांच्या) सहभागींनाही हा लाभ मिळाला. तरीही ‘टॉर्टिया (मेक्सिकन पोळी) खाणे सोडा’ असे फर्मान मला पटत नाही (आपल्याला कोणी भाकरी सोडायला सांगितली तर?). त्यापेक्षा वस्तीतल्याच, स्पॅनिश बोलणाऱ्या ‘प्रोमोतोरा’ या आरोग्यसेविका व्यवहार्य सांगतात: मक्याच्या टॉर्टिया दोनच, घेवडा उकडलेला, चरबीत परतलेला नव्हे, आणि जेवणाबरोबरचा गोड सोडा सर्वांत आधी बंद.