खानावळीची वही

"नाव कशाला इचारायचं? गाव ठावं असलं की बास," असं म्हणत आजींनी वही माझ्यापुढे सरकवली.

लालबागच्या चाळीतली त्यांची खानावळ. वहीत आडनावं जवळपास नाहीतच. 'पाटणचा धाकटा', 'संगमेश्वरचे दोघे', 'मालवणवाला, रातपाळी'. पुढे महिन्याची बाकी. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिथून जमेची बाजू कोरी पडत गेली. जेवणं मात्र चालूच! मग एकेक ओळ मध्येच थांबते: 'गावी गेला'.

सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप आपण कामगार नेते दत्ता सामंतांच्या सभांमधून आणि मालकांच्या तोट्याच्या आकड्यांमधून वाचतो. माणसं गावाकडे परत कशी गेली, हे कुठल्या सरकारी दप्तरात सापडणार? आणि उधारीवर त्यांना जेवू घालणाऱ्या या बायका? प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, तेव्हा कुठे त्यांच्यातल्या अनेकींना बँकेचं दार उघडलं.

वहीची पानं आम्ही स्कॅन करतोय. मूळ वही आजींकडेच राहील, ती त्यांची आहे.

परळ, लालबाग, शिवडीत कुणाच्या माळ्यावर अशी वही किंवा ग्रामस्थ मंडळाचं जुनं पावतीपुस्तक आहे का? रद्दीत घालण्याआधी एकदा दाखवाल?