दुतोंड्या मारुतीला इंग्रजीत काय म्हणावे? पंचवटी ते पांडवलेणी, एका वर्गाची सहल

नाशिकमध्ये संध्याकाळच्या वेळी प्रौढांसाठी इंग्रजी संभाषणाचा एक छोटा वर्ग मी चालवतो. सध्या त्यात एक रिक्षाचालक, पैठणीच्या दुकानातील दोन विक्रेत्या, एका लॉजचे व्यवस्थापक आणि महाविद्यालयात शिकणारी सात मुले-मुली आहेत. 2026-27 चा सिंहस्थ कुंभमेळा समोर असल्याने बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांशी प्रवास आणि संस्कृती या विषयांवर बोलता यावे, अशी या सर्वांची इच्छा आहे. परंतु पुस्तकातील शब्दयाद्या पाठ करूनही गोदावरीकाठच्या रामकुंडावर उभे राहून चार वाक्ये बोलणे कोणालाच जमत नव्हते. म्हणून फेब्रुवारीतील एका रविवारी आम्ही वर्गच बाहेर नेला. प्रत्येक ठिकाणी एकाने पाहुणा व्हायचे, एकाने माहिती सांगायची आणि अडलेला शब्द बाकीच्यांनी वहीत टिपायचा, एवढाच नियम ठरला होता.

सकाळी साडेसहाला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, जमलो तेव्हाच पहिला शब्द अडला. मालेगावहून आलेल्या विद्यार्थ्याने 'आय केम बाय ट्रॅव्हल्स' असे सांगितले. आपल्याकडे 'ट्रॅव्हल्स' म्हणजे खासगी बस, हे इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. शिवाय 'ट्रॅव्हल' हा शब्द सर्वसाधारण प्रवासासाठी आहे. एखाद्या ठरावीक फेरीला 'ट्रिप' म्हणावे, लांबच्या वाटचालीला 'जर्नी', आणि 'व्हॉयेज' शक्यतो समुद्रप्रवासासाठी राखून ठेवावा. 'हॉटेल'चीही तीच गत आहे. आपण मिसळ खायला हॉटेलात जातो, पाहुणा मात्र हॉटेलात झोपायला जातो. लॉजच्या व्यवस्थापकांनी सांगितले, की रात्री उशिरा 'हॉटेल क्लोज्ड' असे उत्तर दिल्यामुळे एक पाहुणा खोली मिळणार नाही असे समजून परत फिरला होता; बंद झाले होते ते स्वयंपाकघर.

रामकुंडावर सातच्या आत पोहोचावे. नंतर गर्दी वाढते आणि बोलणे ऐकू येत नाही. येथे स्नान आणि अस्थिविसर्जन एकाच काठावर चालते, त्यामुळे शब्दांइतकेच वागण्याचेही भान लागते. एका विद्यार्थिनीने अस्थींसाठी 'बोन्स' हा शब्द वापरला. अर्थ चुकीचा नाही, पण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. इंग्रजीत या प्रसंगी 'ॲशेस' म्हणतात आणि त्यात राख व अस्थी दोन्ही येतात. विधी करणाऱ्या कुटुंबाकडे बोट दाखवून बोलू नये, छायाचित्र घेऊ नये आणि जे सांगायचे ते चार पावले दूर जाऊन सांगावे, हे मी मुलांना आधी सांगायला हवे होते, ते तेथे गेल्यावर सांगितले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी, आणि तो वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही. रिक्षाचालकाने सरळ भाषांतर करून 'टू-फेस्ड हनुमान' असे सांगून टाकले. इंग्रजीत 'टू-फेस्ड' म्हणजे दुटप्पी, ढोंगी माणूस. तसे पाहिले तर माणसाला दुतोंड्या म्हटले तर मराठीतही ती शिवीच ठरते, पण मारुतीच्या नावात ती कोणाच्याही कानाला खटकत नाही. भाषांतर करताच ती उघडी पडते. 'विथ टू फेसेस' एवढा बदल केला की काम भागते. त्याहून महत्त्वाचे सांगणे पुढे होते. नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात तो याच मूर्तीवर. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, असे आपण म्हणतो, आणि त्यासाठी इंग्रजीत 'नी-डीप', 'वेस्ट-डीप', 'नेक-डीप' असे तयार शब्द आहेत. हे कळल्यावर त्याच रिक्षाचालकाने मूर्तीवर हाताने खुणा करीत पुराचे वर्णन असे केले, की व्याकरणाच्या दोन चुका मी मुद्दाम दुरुस्त केल्या नाहीत.

समोरच नारोशंकराचे मंदिर आहे. तेथील घंटा चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसईत पोर्तुगीजांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून ओळखली जाते. या घंटेसाठी 'लूट' म्हणावे की 'ट्रॉफी', यावर बराच वाद झाला. 'लूट' हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच उचलला आहे, हे ऐकून सर्वांना विशेष आनंद झाला.

काळारामापाशी दोन सूचना कराव्याशा वाटतात. रोमन लिपीतील 'राम' पाहुणा अनेकदा 'रॅम' असा वाचतो, आणि त्याचा अर्थ मेंढा असा होतो. म्हणून उच्चार आपण आधी करून दाखवावा आणि 'ब्लॅक राम' असे न म्हणता काळ्या पाषाणातील रामाची मूर्ती आहे असे पूर्ण वाक्यात सांगावे. दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. एका मुलाने त्याला 'स्ट्राइक' म्हटले, दुसऱ्याने 'फाइट'. 'सत्याग्रह' हा शब्द इंग्रजी शब्दकोशांत आहे. तो तसाच ठेवावा आणि कोणाला दाराबाहेर ठेवले होते, का ठेवले होते, हे पुढच्या वाक्यात स्पष्ट सांगावे. हा भाग वगळून केवळ मंदिराच्या कोरीवकामाचे कौतुक सांगणारी माहिती मला अपुरी वाटते.

सीतागुंफा वाकून, बसून उतरावी लागते. गुडघेदुखी असलेल्यांनी बाहेर थांबणे बरे. शूर्पणखेच्या नाकाची कथा सांगताना 'मिथ' हा शब्द टाळावा, कारण रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ खोटी समजूत असाही होतो. 'लेजंड' हा शब्द सौम्य आहे.

मिसळ खाताना 'हॉट' या शब्दाने घोटाळा केला. पाहुणा झालेल्या मुलीने गरम समजून फुंकर मारली आणि पहिल्याच घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आले. तिखटासाठी 'स्पायसी' म्हणावे. मटकीचे इंग्रजी नाव 'मॉथ बीन' आहे, पण 'मॉथ' म्हणजे पतंग असल्याने ते सांगण्याच्या फंदात पडू नये. मोड आलेले कडधान्य म्हणून 'स्प्राउट्स' म्हटले तरी पुरते. तर्रीला प्रतिशब्द सापडला नाही.

पांडवलेण्यांवर आम्ही दुपारी बाराला चढायला लागलो, ही माझी चूक. शहराच्या दक्षिणेस महामार्गालगत, सुमारे आठ किलोमीटरवर असलेल्या या डोंगराच्या पायऱ्या फार अवघड नाहीत, पण उन्हात तिघे अर्ध्यावरच बसले. सकाळी आधी लेणी आणि नंतर पंचवटी असा उलटा क्रम मी आता सुचवीन. पाणी खालूनच न्यावे. येथे 24 बौद्ध लेणी आहेत. ती 'बिल्ट' नव्हेत, 'कार्व्हड' आहेत, आणि नुसते 'केव्ह' म्हटल्यास नैसर्गिक गुहा डोळ्यांसमोर येते, म्हणून 'रॉक-कट केव्ह' म्हणावे. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. त्याची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. 'स्क्रिप्ट' आणि 'लँग्वेज' यांतील फरक वर्गात तीनदा सांगूनही पक्का झाला नव्हता, तो भिंतीसमोर एका वाक्यात झाला. पांडवांशी या लेण्यांचा संबंध केवळ नावापुरता आहे, त्यामुळे 'असे मानतात' आणि 'लेखात असे नोंदले आहे' या दोन वाक्यरचना येथे वेगवेगळ्या वापरण्याचा चांगला सराव होतो.

तेथे खरोखरचे दोन परदेशी प्रवासी भेटले आणि ही देवळे आहेत का, असे त्यांनी विचारले. महाविद्यालयीन मुले 'बुद्धिस्ट आर्किटेक्चर'ची जुळवाजुळव करीत असताना रिक्षाचालक पुढे झाला. 'नो सर. मंक्स लिव्ह्ड हिअर इन रेन,' असे सांगून त्याने दगडी कोनाड्याकडे बोट दाखवले आणि झोपण्याचा अभिनय केला. पुढची दहा मिनिटे प्रश्न त्यालाच विचारले जात होते.

परतताना गंगापूर रस्त्याने द्राक्षमळे पाहिले. हंगाम जानेवारी ते मार्च असल्याने घड लगडलेले होते. पाहुण्याला 'वाइन शॉप' दाखवताना तेथे सर्व प्रकारची दारू मिळते हे सांगावे; स्थानिक वाइन कशी होते ते पाहायचे असल्यास 'वायनरी' हा शब्द वापरावा.

ज्यांना अशी सहल काढायची आहे त्यांनी दहा-बारा जणांपेक्षा मोठा गट करू नये. नाशिक रोड स्थानकावर उतरणाऱ्यांनी पंचवटीपर्यंतचे नऊ-दहा किलोमीटर वेळेत धरावेत. भाजी, भांडी आणि घासाघीस यांचे शब्द हवे असतील तर गोदाकाठचा बुधवारचा बाजार गाठावा, आणि रंगपंचमीला येणाऱ्यांनी रहाडीचे वर्णन आधी मराठीत दोन ओळींत लिहून आणावे, कारण वर्षभर जमिनीखाली झाकून ठेवलेला रंगाचा हौद ऐनवेळी इंग्रजीत सांगणे मलाही जमलेले नाही. त्र्यंबकेश्वर सुमारे 28 किलोमीटरवर आहे. ते याच दिवसात कोंबू नये. आमचा वर्ग पावसाळ्यानंतर तेथे जाणार असून तेथील कुशावर्त कुंडाला 'पाँड' म्हणावे की 'टँक', यावर आतापासूनच दोन तट पडले आहेत.