कोशिंबिरीला वाटी

काकडी चोचवून झाली, दाण्याचं कूट झालं, फोडणी झाली. निळ्या वाट्या काढायला कपाटात हात घातला तर हाताला तीनच लागल्या. चौथी सकाळी घासताना सिंकमध्ये निसटली होती, हे मी चक्क विसरले होते. म्हणजे आता घरात तीन वाट्या. तीन तिघाडा.

गंमत अशी की त्या चारच होत्या म्हणूनच मला मिळाल्या. इथे जपानमध्ये, क्योतोत तोजीच्या देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला जुना बाजार भरतो. बौद्ध आचार्य कोबो दाइशी २१ तारखेला गेले, म्हणून ती तारीख. पुण्यतिथीला माणसं देवळात येणार आणि माणसं आली की दुकानं येणार, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. तिथे एका आजोबांनी ताडपत्रीवर एक काळपट लाकडी पेटी उघडून ठेवली होती. मी वाकले तर आधीच म्हणाले, चारच आहेत हं. जपानीत चारला ‘शी’ म्हणतात आणि मरणालाही ‘शी’च. त्यामुळे वाट्या, बशा, पेले सगळं पाचाच्या हिशेबात. चार वाट्या कुणाला भेट द्यायची सोय नाही. हजार येनला चारही घेऊन जा म्हणाले. मी मनात म्हटलं, आजोबा, आम्ही चारला घाबरत नाही, आम्ही तीनला घाबरतो. तेव्हाच जीभ चावायला हवी होती.

शौकिनांनी नाकं मुरडावीत अशाच वाट्या आहेत या. त्यांना हाताने रंगवलेली जुनी आरिता, म्हणजे आरिता गावची चिनी मातीची भांडी लागतात, इमारी बंदरातून जहाजात चढायची म्हणून ‘इमारी’ नाव पडलेली. माझ्या आपल्या ‘इन्बान’, म्हणजे छापाच्या. किमोनोच्या कापडावर नक्षी उठवायला कोरीव कागदाचे साचे असायचे, तीच युक्ती मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ या मेइजी सम्राटाच्या राजवटीत, चिनी मातीवर आली आणि गोरगरिबांच्या घरातही निळी नक्षी पोचली. पण सपाट कागद गोल वाटीला गुंडाळायचा म्हटल्यावर टोकं कुठेतरी चुकणारच. माझ्या एका वाटीवरचा वेल ऐटीत निघतो, सगळी वाटी फिरतो आणि स्वतःच्या शेपटीच्या बोटभर अलीकडे येऊन थांबतो. पुढे काय करावं ते त्याला कळत नाही. निळा रंगही परदेशी कोबाल्टचा, पांढऱ्या सदऱ्याला नीळ जास्त झाल्यासारखा. मला त्या वेलाचं फार बरं वाटतं.

अशा छोट्या खोलगट वाटीला ‘कोबाची’ म्हणतात. तीत हिजिकी नावाचं समुद्री शेवाळ, पालक उकडून केलेली ओहिताशी, काकडीचं व्हिनेगरमधलं सुनोमोनो असं काहीबाही. तेही जेमतेम मध्यावर ढीग करून, कडेने वाटी मोकळी दिसली पाहिजे. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर एकदा ते पाहिलं आणि विचारलं, “एवढंसंच? पाहुणे आगाऊ न कळवता आले होते का?”

माझा जीव या वाट्यांवर का जडला त्याला मूळ आजी आहे. आमच्याकडे वाटी आमटीची. फार तर ताकाची. कोशिंबीर डावीकडे, थेट ताटात, चटणीच्या शेजारी. वाढणाऱ्याचा हात जरा हलला की आमटी वाटीच्या काठावरून उतरायची आणि संथपणे काकडीकडे निघायची. मी भाताचा बांध घालायचे. बांध फुटायचा. गोड दह्याच्या काकडीला गोडा मसाला लागला की माझं जेवण संपलं. एका श्रावणातल्या शुक्रवारी, घरात सवाष्ण जेवायला असताना, मी मोठ्याने कोशिंबिरीला वेगळी वाटी मागितली. आजी सगळ्यांसमोर म्हणाली, “कोशिंबिरीला वाटी? उद्या मिठाला मागशील! आणि घासणार कोण, तुझा नवरा?”

आजी, इथे मिठालाही असते गं. ‘मामेझारा’ म्हणतात. मामे म्हणजे कडधान्याचा दाणा, आणि बशी तळहातात मावेल एवढी. आणि हो, बऱ्याचदा नवराच घासतो. सकाळची वाटी मात्र माझ्याच हातून गेली.

आजीला एक गोष्ट मात्र ऐकवायला हवी होती. जुन्या काळी ओसाका आणि फुशिमीच्या मध्ये योदो नदीवर प्रवासी होड्या चालत. हिराकाताजवळ खाणं विकणारे आपली होडी खेटवून ओरडायचे, “कुरावांका!” म्हणजे, गिळणार नाही का? त्यांच्या जाडजूड वाडग्यांना पुढे तेच नाव पडलं. दुपारी बाराला आमच्या स्वयंपाकघरातून जी हाक यायची, तिचं शब्दशः भाषांतर आहे हे.

आता कुणीतरी किंत्सुगी सुचवणार. कृपा करून नको. फुटलेल्या वाटीच्या भेगेत सोनं भरून त्यातून आयुष्याचा अर्थ काढण्याइतकी ती वाटी महाग नव्हती. अडीचशे येनची होती. तुकडे कागदात गुंडाळून, वर ‘धोका’ असं लिहून कचऱ्यात ठेवलेत.

पेटी मात्र राहिली. तिच्या झाकणावर शाईने लिहिलंय: मेइजी ३२, खाली एका घराण्याचं नाव, आणि शेजारी, ‘दहा जणांसाठी’. मेइजी ३२ म्हणजे १८९९. दहा होत्या तर. आजोबांना मी सहांचं विचारलं नाही, त्यांनाही कुठून माहीत असणार. आजीच्या बारा वाट्या होत्या, प्रत्येकीवर तिचं लग्नातलं नाव कोरून घातलेलं. ती गेल्यावर त्या वाटल्या गेल्या, दोन इकडे, चार तिकडे. एक माझ्या बॅगेतून इथवर आली. अक्षरं झिजली आहेत, नाव आता बोटानेच वाचता येतं.

तीच काढली आणि निळ्या तिघींच्या रांगेत ठेवली.

चार झाल्या. चार म्हणजे पुन्हा ‘शी’. जाऊ दे, काकडीला पाणी सुटायला लागलंय.