टोपीचा नंबर

थोरल्या भावाची साठीशांत जवळ आली आहे, म्हणून परवा भर दुपारी मी महाद्वार रोडवर त्याच्यासाठी भेट शोधायला गेले आणि दोन तासांनी कपिलतीर्थ मंडईतून अर्धा किलो गवार व एक गजरा घेऊन बाहेर पडले. वहिनींसाठी काही घ्यायचे असते तर पहिल्याच दुकानात काम झाले असते. बाईला साडी देता येते. ती आवडली नाही तर पुढच्या कुणाच्या तरी ओटीत जाते, आणि हे देणारीला व घेणारीला दोघींनाही ठाऊक असल्यामुळे त्यात कुणाचा अपमान होत नाही. पुरुषासाठी मात्र बाजाराने पाकीट, पट्टा, सेंटची बाटली आणि शर्टपीस एवढेच काढून ठेवले आहे. त्यातल्या पाकिटावर माझा जुना राग आहे. रिकामे पाकीट हातात देणे मला अशुभ वाटते, आणि अकरा रुपये घालून दिले तर घेणारा ते अकरा रुपये तेवढे मोजतो. शर्टपीसबद्दल तर बोलूच नये. कापडापेक्षा शिलाई महाग झाल्यापासून शर्टपीस देणे म्हणजे समोरच्याला खर्चात पाडणे आहे.

आपल्या रिवाजात पुरुषाला हौसेने देण्याचा एक महिना आहे, तो म्हणजे धोंड्याचा. पण तोही जावयासाठी राखीव आहे. चांद्रवर्ष सौरवर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे, तीन वर्षांचे ते तेहतीस, म्हणून जावयाला तेहतीस अनारसे, हा हिशेब मोठा सुरेख आहे. २०२३च्या अधिक श्रावणात मी आमच्या जावयांना चांदीच्या निरांजनासह ते मोजून दिले. त्यांनी दोन खाल्ले. त्यांना गोड आवडत नाही, हे मला तेव्हा कळले. बाकी कोल्हापुरात पुरुषाचा खरा मान म्हणजे फेटा आणि गदा. पण ती मिळवायला खासबागेत कुणाला तरी चितपट करावे लागते, आणि दादा लहानपणी तीन महिने तालमीत गेला तो केवळ तालमीनंतर मिळणाऱ्या दुधासाठी.

सर्वसाधारण पुरुषाच्या वाट्याला लग्नाच्या आहेरातली टॉवेल-टोपी येत असे. तिची आता चेष्टा होते. टॉवेल फिरता असतो, हे खरेच आहे. आत्याच्या लग्नात आम्ही दिलेला एक टॉवेल, कोपऱ्यावर आईने घातलेल्या निळ्या दोऱ्याच्या खुणेसह, सात वर्षांनी आमच्याच घरी सन्मानाने परत आला होता. टोपीचे मात्र तसे नसते, कारण टॉवेल कुणालाही होतो आणि टोपी होत नाही. टोपीला नंबर असतो. मोठी झाली तर कानावर उतरते, लहान झाली तर डोक्यावर नुसती ठेवल्यासारखी दिसते, आणि भर मांडवात लहान टोपी मिळालेला पाहुणा रुसला तर ते पुढे पंचवीस वर्षे ऐकून घ्यावे लागते.

आमच्या आबांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या दोन पानांवर सगळ्या सोयऱ्यांच्या डोक्यांची मापे होती. ‘सांगावचे मामा साडेबावीस, मुरगूडचे काका बावीस.’ ही मापे गोळा करण्याचे काम माझ्याकडे असे. पाहुणे जेवून सोप्यात आडवे झाले, टोपी खुंटीवर गेली, की आबा मला डोळ्याने खुणावत. मी गोधडीचा दोरा घेऊन स्टुलावर चढत असे, टोपी उतरवून तिच्या आतून दोरा फिरवत असे आणि जिथे टोके जुळत तिथे गाठ मारत असे. आत तेलाचा आणि घामाचा उग्र वास यायचा. सांगावच्या मामांच्या टोपीच्या घडीत एस.टी.चे तिकीट आणि एक दुमडलेली दहाची नोट असायची. तिला मी कधी हात लावला नाही, फक्त ती तिथे आहे ना, एवढे पाहून घेत असे. मग आबा तो दोरा लाकडी पट्टीला लावून आकडा लिहीत. एकदा माझी गाठ सरकली, आणि मुरगूडच्या काकांनी माझ्या चुलतबहिणीचे अख्खे लग्न टोपीत वर्तमानपत्राची घडी घालून निभावून नेले. मामा-काका त्या वेळी कधी जागे झाले नाहीत. निदान मला तसे वाटत असे.

परवा चप्पल लाइनमध्ये एक कापशी जोड माझ्या मनात भरला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे दुकानदाराने मला अगत्याने सांगितले, जणू मी पुण्याची पाहुणी आहे; आणि मग विचारले, “नंबर काय, मावशी?” साठ वर्षांच्या सख्ख्या भावाच्या पायाचा नंबर मला ठाऊक नव्हता. वहिनींना फोन केला, तर त्या म्हणाल्या, “काहीही आणा वन्सं, शर्ट तेवढा नको. घडी न मोडलेले अकरा पडलेत कपाटात.” नंबर विचारायचे धैर्य मला झाले नाही, कारण मग ते गुपित राहिले नसते.

मंडईतून तशीच मी दादाच्या घरी गेले. तो सोफ्यावर पेपर तोंडावर घेऊन झोपला होता. दारात चपला नव्हत्या, बंद बूट होते. मी गजऱ्याच्या पुड्याचा दोरा सोडवला, उंबऱ्याशी बसले आणि एक बूट उपडा करून तळव्यावर दोरा धरला.

“नऊ नंबर हाय,” पेपरखालून आवाज आला. “माप कशाला घेतीस? विचार की.”

मग पेपर बाजूला करून तो म्हणाला, “पण चप्पल आणू नकोस. साखरेनं बोटं बधिर झाल्यात. चप्पल निसटली तरी कळत नाही. दोनदा गल्लीतल्या पोरानं आणून दिली.”

हे किती दिवसांपासून आहे, असे मी विचारले. तो म्हणाला, वर्ष झाले असेल.

वहिनींनी चहा केला, गवार महाग झाली आहे यावर आम्ही बोललो. घरी आल्यावर पर्समध्ये दोरा सापडला. त्याला मी गाठ मारलेली नव्हती. साठीशांत अजून अकरा दिवसांवर आहे.